वजनाचा वाद : सेगावपासून दीक्षित-दिवेकरांपर्यंत

गांधीजींच्या प्रकृतीची कागदपत्रं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०१९ साली प्रसिद्ध केली. १९३९ साली त्यांचं वजन ४६.७ किलो होतं, उंची पाच फूट पाच इंच. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, निघतो १७.१. आजच्या कुठल्याही कोष्टकात हा माणूस कमी वजनाचा ठरेल. त्याच कागदपत्रांत फेब्रुवारी १९४०चा रक्तदाब आहे : २२०/११०. मोजून खाणारा, मसाल्याला हात न लावणारा, रोज मैलोगणती चालणारा हा माणूस, आणि रक्तदाब असा. वजन कमी म्हणजे प्रकृती उत्तम, हे समीकरण वर्धा जिल्ह्याच्या सर्वांत प्रसिद्ध रहिवाशालाच लागू पडत नव्हतं.

घरचं जेवण आणि रोजची हालचाल यांच्या बळावर वजन उतरवता येतं का, किती, आणि उतरलेलं टिकतं का, हा प्रश्न आज वर्ध्यात सकाळी फिरायला निघणाऱ्या प्रत्येक घोळक्यात चालतो. त्याची उत्तरं मात्र एका तोंडाने येत नाहीत. ती कुठून कुठे आली आणि त्यांतली कुठली पुराव्यावर उभी आहेत, ते क्रमाने पाहू.

मगनवाडीतलं ताट

डिसेंबर १९३४मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचं ठाणं होतं वर्ध्याची मगनवाडी आणि सूत्रं जे. सी. कुमारप्पांकडे. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ, घाण्याचं तेल आणि साखरेऐवजी गूळ हा संघाचा आहारविषयक आग्रह. त्यामागची चिंता स्थूलपणाची नव्हती. गिरणीत तांदूळ चकचकीत होतो, पोषण कोंड्याबरोबर निघून जातं आणि गावाचा रोजगारही जातो, अशी ती मांडणी होती. खंगलेल्या शरीरांसाठी केलेला तो विचार आज नेमका उलट्या कामासाठी वापरला जातो. हातसडीचा तांदूळ आणि लाकडी घाण्याचं तेल आता वजन उतरवण्याचे पदार्थ म्हणून महाग विकले जातात. तेलाबद्दल एवढं नोंदवायला हवं की घाण्यातून निघो वा कारखान्यातून, एका ग्रॅमला नऊ किलोकॅलरी हा हिशेब बदलत नाही.

३० एप्रिल १९३६ला गांधीजी मगनवाडीहून पायी सेगावला राहायला गेले. त्या गावाचं पुढे सेवाग्राम झालं. १९४२मध्ये आगाखान पॅलेसच्या बंदिवासात त्यांनी ‘आरोग्याची गुरुकिल्ली’ लिहिली. त्यात बैठं, बौद्धिक काम करणाऱ्यासाठी रोजच्या आहाराचं माप दिलं आहे : गायीचं दूध दोन पौंड, धान्य सहा औंस, पालेभाजी तीन औंस, इतर भाज्या पाच औंस, कच्ची भाजी एक औंस, तूप दीड औंस आणि गूळ किंवा साखर दीड औंस. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वं शेजारी ठेवली की मजा येते. तिथे दोन हजार किलोकॅलरीच्या ताटात धान्य २५० ग्रॅम आहे. गांधीजींचं भरतं १७० ग्रॅम. भाज्या तिथे ४०० ग्रॅम, इथे अडीचशेच्या आसपास. दृश्य तेल-तूप तिथे २७ ग्रॅम, आणि इथे तूपच ४० ग्रॅमच्या वर. डाळीला गांधीजींच्या यादीत जागा नाही, तिचं काम दुधावर सोपवलेलं. सगळं मिळून ढोबळ हिशेबाने अठराशे किलोकॅलरी होतात. म्हणजे ही उपाशी राहण्याची पाककृती नव्हे. बैठ्या माणसाने धान्य कमी करावं, हा तिचा रोख होता, आणि ऐंशी वर्षांनंतर पोषणतज्ज्ञ तेच सांगत आहेत.

पवनारची गोष्ट याच काळातली, पण दिशेने उलटी. १९३८मध्ये विनोबा धाम नदीकाठी राहायला आले तेव्हा प्रकृती पार ढासळली होती, वजन ८८ पौंडांवर आलेलं. विश्रांती आणि थोडं थोडं वाढवत नेलेलं खोदकाम हा त्यांचा उपचार, आणि त्याने वजन वाढलं. श्रमाने वजन उतरतंच असं नाही, ही गोष्ट जिल्ह्याने तेव्हाच पाहिली होती.

शेत बदललं, फराळ बदलला

साठ-सत्तर वर्षांपूर्वी इथल्या घरात ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची किंवा चवळीची भाजी आणि सणाला पोळी असा शिरस्ता होता. ज्वारी शिवारातून उठली ती बरीचशी सोयाबीनमुळे. त्यात पाखरं आणि रानडुकरं राखायला माणूस मिळेना, हेही कारण होतं. रेशनवर आले गहू आणि तांदूळ. भाकर मागे पडून रोजची पोळी आणि भात आला, पिशवीतलं तेल स्वस्त झालं, आणि बसस्टँडवरचा आलुबोंडा, समोसा, तर्री-पोहे हा कधीमधीचा खाऊ रोजचा झाला. वर्ध्याचा गोरसपाक मात्र बदनाम करण्याचं कारण नाही. गोसेवेच्या चळवळीतून आलेला तो गायीच्या तुपातला पदार्थ पाहुण्यांसाठी डब्याने जातो, रोज सकाळ-संध्याकाळ कुणी खात नाही. रोज होतो तो चहा. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे दिवसाला साधारण पन्नास ग्रॅम साखर, आणि ती जेवणात कुणी धरतच नाही.

खाण्याइतकाच बदल कामात झाला. डवरणी ट्रॅक्टरने होऊ लागली, निंदणाच्या जागी तणनाशक आलं, सोयाबीनच्या सोंगणीला यंत्र आलं, आणि शेतावर जायला मोटारसायकल. कापूस मात्र अजून हातानेच वेचला जातो, आणि वेचणारे हात बहुतेक बायांचे. म्हणून ‘ग्रामीण भागाला व्यायामाची गरज’ असं सरसकट म्हणता येत नाही. एकाच घरात नवऱ्याची हालचाल निम्म्यावर आलेली आणि बायकोची तितकीच राहिलेली दिसते.

आकड्यांतही ही गुंतागुंत आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सुमारे २३ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या आढळल्या आणि सुमारे २१ टक्के कमी वजनाच्या. दोन्ही टोकं जवळजवळ सारखी. देशपातळीवर आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने २०२३ साली ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह, २८.६ टक्क्यांना स्थूलता आणि ३९.५ टक्क्यांना पोटाची स्थूलता असल्याचं सांगितलं. या आकड्यांतला तिसरा सर्वांत मोठा आहे, आणि पुढचा वाद तिथूनच सुरू होतो.

काटा की टेप?

वजनकाटा पुरेसा आहे का? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापून याचं उत्तर दिलं. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक, पण आत चरबी, ही भारतीय शरीराची ठेवण पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही त्यांना दिसली. बाळं वजनाने हलकी, पण इंग्लंडमधल्या बाळांच्या मानाने त्यांच्यात स्नायू जास्त घटलेले आणि चरबी राखलेली.

त्यामुळे भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ २५ऐवजी २३वर आणि स्थूलतेची ३०ऐवजी २५वर आणली गेली, आणि कंबर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवी असं ठरलं. वर्ध्याचा या चर्चेत वाटा आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागाने वर्ध्याच्या ग्रामीण भागात शरीराची मापं आणि रक्तदाब यांचा संबंध तपासला, आणि तो अभ्यास २००६ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये आला. बीएमआय आणि कंबर वाढत जातात तसा रक्तदाबही चढतो, हे खेड्यातल्या तुलनेने सडपातळ लोकांतही दिसलं.

रेघ खाली आणण्यावर आक्षेपही आहेत. २३च्या पुढे सगळे ‘जादा’ धरले की कालपर्यंत निरोगी असलेला मोठा वर्ग रातोरात दुरुस्तीला पात्र होतो, आणि धास्तीचा बाजार वाढतो. जिथे दर पाचवी बाई कमी वजनाची आहे तिथे वजन उतरवा हा संदेश चुकीच्या कानांवर पडण्याची भीतीही खरी आहे. माझ्या मते घरातल्या वापरासाठी शिंप्याची टेप काट्यापेक्षा उपयोगी आहे. पण कंबर नेमकी कुठे मोजायची यावर घराघरात मतभेद असतात, हेही सांगायला हवं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यानंतर, ही ती जागा.

किती वेळा जेवायचं?

मराठी घरांत सर्वांत तापलेला वाद हाच. त्याचं एक मूळ विदर्भातलं आहे. काटोलचे डॉ. श्रीकांत जिचकार डॉक्टर होते, ढीगभर पदव्यांचे मानकरी होते आणि राजकारणीही होते. दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार त्यांनी व्याख्यानांतून मांडला. २००४ साली अपघातात त्यांचं निधन झालं. तो धागा पुढे नेला सामुदायिक वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : कडक भूक कधी लागते ते पाहून दोन वेळा ठरवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा, मधल्या वेळात साखर असलेलं काही नको, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. कारण असं दिलं जातं की प्रत्येक खाण्याबरोबर इन्सुलिन स्रवतं आणि ते वर असताना साठवलेली चरबी वापरली जात नाही. २०१८-१९च्या सुमारास राज्याच्या स्थूलताविरोधी मोहिमेचा चेहरा म्हणून त्यांची निवड झाली, आणि वाद चव्हाट्यावर आला.

दुसऱ्या बाजूला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर. त्यांचा सल्ला उठल्यावर लवकर काहीतरी खाण्याचा, थोड्या थोड्या अंतराने खात राहण्याचा, भात, तूप, केळं यांना न घाबरण्याचा आणि आजीच्या स्वयंपाकावर विश्वास ठेवण्याचा. परदेशी ओट्स-क्विनोआच्या धाकातून मध्यमवर्गीय बायकांना त्यांनी बाहेर काढलं, हे त्यांचे टीकाकारही मान्य करतील. दीक्षितांच्या पद्धतीने सल्ला फुकट केला आणि पाळायला सोपा केला, हे श्रेय दुसऱ्या बाजूने द्यायला हवं. काय खाऊ यावर डोकं खपवणाऱ्या माणसाला ‘केव्हा खाऊ’ एवढंच ठरवायचं असतं.

संशोधन काय म्हणतं? प्रागमध्ये कहलेओव्हा आणि सहकाऱ्यांनी ५४ मधुमेही रुग्णांना आळीपाळीने बारा-बारा आठवडे दोन मोठी आणि सहा छोटी जेवणं दिली, कॅलरी तेवढ्याच ठेवून. दोन जेवणांच्या काळात वजन जास्त उतरलं : ३.७ किलो, तर सहांच्या काळात २.३. हा २०१४चा निकाल दीक्षितांच्या बाजूचा. २०२२ साली चीनमधल्या ग्वांगझूचा अभ्यास आला. १३९ स्थूल माणसांना वर्षभर कमी कॅलरीचा आहार दिला, निम्म्यांना तो आठ तासांच्या खिडकीतच खायला सांगितला. खिडकीवाल्यांचं वजन ८ किलोने उतरलं, इतरांचं ६.३ किलोने, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. यावर दीक्षितपंथी सांगू शकतात की तिथे कॅलरी आधीच बांधलेल्या होत्या, आणि आठ तासांची खिडकी म्हणजे दोन जेवणं नव्हेत. आक्षेप रास्त आहे. पण तोच आक्षेप असंही सुचवतो की दोन जेवणांचा गुण बहुधा यातच आहे की मधला बोंडा, बिस्किटं आणि गोड चहा आपोआप गळतात.

भांडणाच्या धुरात दोघांतलं साम्य दिसेनासं होतं. पाकिटातला खाऊ दोघेही नाकारतात, घरचं अन्न आणि व्यायाम दोघांनाही हवा, आणि कॅलरी मोजायला दोघेही बसवत नाहीत. पोषण संस्थेची मंडळी ताटातल्या प्रमाणावर बोट ठेवतात : धान्यातून एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांच्या वर जाऊ नये, डाळी, भाज्या आणि सुकामेवा वाढावा. हे सगळ्यांत कमी गाजणारं मत आहे आणि माझ्या वाचनात सगळ्यांत भक्कम. पण पाळायला ते सर्वांत महाग आहे. रेशनवर धान्य मिळतं, भाजी नाही. उन्हाळ्यात वर्ध्याच्या बाजारात चारशे ग्रॅम भाजी माणशी रोज, हा हिशेब मजुराच्या घरात बसत नाही. रेशनचं धान्य स्वस्त आणि बाकी सगळं महाग, अशा घराला भाताऐवजी पनीर खा सांगणं निरर्थक आहे.

मधुमेही माणसाने गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवणाच्या वेळा परस्पर बदलू नयेत, यावर मात्र कुणाचंच दुमत नाही. साखर एकदम खाली जाण्याचा धोका खरा आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनीही यात पडू नये.

चालण्याचा हिशेब

रोज ४५ मिनिटं चाललं तर साठ-पासष्ट किलोच्या माणसाची दीडशे-दोनशे किलोकॅलरी खर्च होते. दोन आलुबोंडे त्याची वाट लावतात. म्हणून बरेच तज्ज्ञ म्हणतात की वजन ताटातून उतरतं, व्यायामातून राखलं जातं. हर्मन पॉन्ट्झर आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा या शिकार-संग्राहक लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला. शरीराच्या आकाराचा हिशेब केल्यावर तो पाश्चात्त्य शहरी लोकांच्या जवळपासच निघाला. शरीर इतर खर्च आवरून श्रमाचा ताळा जुळवतं, असा त्यावरून तर्क आहे. तो सर्वमान्य नाही, पण ‘घाम गाळा, वजन घटवा’ या घोषणेला त्याने तडा दिला.

तरीही व्यायाम फोल ठरत नाही. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या भारतीय मधुमेह प्रतिबंध प्रकल्पात मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३१ लोक होते. ज्यांना फक्त सर्वसाधारण सल्ला दिला त्यांच्यातल्या ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार-व्यायाम सांभाळणाऱ्या गटात ३९.३ टक्क्यांना. गंमत अशी की या दुसऱ्या गटाचं वजन फारसं उतरलंच नव्हतं. काटा हलला नाही म्हणून फिरणं सोडणाऱ्यांनी हा निकाल जरूर पाहावा.

अडचण पाळण्याची आहे. २०२२च्या अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, आणि स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के आहे. वर्ध्यात त्यात उन्हाची भर. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळिसाकडे जातो, तेव्हा चालणं पहाटे किंवा रात्रीच. पहाटे बाई स्वयंपाकघरात असते, आणि गावाबाहेरच्या रस्त्याला दिवे नसतात. ‘वेळ काढा’ असं सांगणाऱ्याने हा वेळ कुणाच्या वाट्यातून काढायचा तेही सांगायला हवं.

जे ठरलेलं नाही

पहिला प्रश्न टिकण्याचा. अमेरिकेतल्या लुक अहेड अभ्यासात पाच हजारांवर जादा वजनाचे मधुमेही रुग्ण होते, आणि त्यांतल्या निम्म्यांवर कसून मेहनत घेतली गेली. पहिल्या वर्षी या निम्म्यांचं सरासरी ८.६ टक्के वजन उतरलं, आठव्या वर्षी ४.७ टक्के उरलं. निम्मं परत आलं, निम्मं राहिलं. याला यश म्हणायचं की अपयश, यावर आजही दोन तट आहेत. रुग्णालयाबाहेर, पगारी आहारतज्ज्ञाशिवाय किती उरेल, ते तर आणखी अनिश्चित.

दुसरा प्रश्न औषधांनी उभा केला आहे. आठवड्याला एक टोचायची सेमाग्लुटाइडसारखी औषधं २०२५मध्ये वजनासाठी भारतात आली. मोठ्या चाचणीत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, आणि औषध बंद केल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परतलं. त्यांची किंमत घसरेल तसतशी आहार-व्यायामाची शिफारस डॉक्टरांच्या चिठ्ठीत किती ओळींची राहील, यावर वैद्यकवर्तुळात चर्चा आहे. बारीक शरीरात चरबी दडवणाऱ्या आपल्या लोकांत औषधाने चरबीबरोबर स्नायू किती जातील, ही त्यातली खास आपली काळजी.

तिसरा प्रश्न पुराव्याच्या जातीचा. व्हॉट्सअॅपच्या गटांवर ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो येतात, ते खरेही असतात. पण ज्यांचं उतरलं नाही ते गट सोडून जातात, आणि त्यांची मोजणी कुणी करत नाही. दीक्षित पद्धत असो वा दिवेकर पद्धत, तीन वर्षांनी किती जण तिच्यावर टिकून आहेत हे कळल्याशिवाय तुलना अर्धवट राहील. सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयं एकाच जिल्ह्यात आहेत, विद्यार्थी गावं दत्तक घेतात, घरोघरी जाण्याची सवय आहे. अशा ठिकाणी दोन-तीन पद्धती चिठ्ठी टाकून वाटून देणं, कापूस वेचणीच्या आणि रिकाम्या अशा दोन्ही हंगामांत कंबर, रक्तदाब आणि साखर मोजणं, आणि मध्येच सोडणाऱ्याच्या दारात जाऊन का सोडलंस हे विचारणं अवघड नाही. घरात चूल कोण सांभाळतं आणि तिचं स्वतःचं ताट कधी, किती भरतं, हे त्या प्रश्नावलीत पहिल्या पानावर असावं. आजवरच्या वादात हा तपशील जवळजवळ नाही.